वळकटी आणि वाळवण

गायिका मध्यलयीतल्या तानेत वर चढत होती. पंचम झाला, धैवत झाला, निषादावर किंचित रेंगाळून आता तार षड्जावर जाणार, तेवढ्यात खट्ट. कॅसेटची पहिली बाजू संपली.

काका हसले. "चाळीस वर्षं झाली. बाई अजून षड्जावर पोचलेल्या नाहीत."

नारायण पेठेतल्या त्यांच्या घरी एका लोखंडी कपाटात चारशेच्या आसपास कॅसेट आहेत. बँकेतली नोकरी सांभाळून काका तीस वर्षं बैठकांना गेले आणि जिथे परवानगी मिळाली तिथे टेपरेकॉर्डर घेऊन गेले. ही बैठक १९८५ ची, एका वाड्याच्या दिवाणखान्यात झालेली. खासगी होती, म्हणून गायिकेचं नाव इथे देत नाही. सी-९० कॅसेट, म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. "डोळे मिटून ऐकत होतो. टेप संपल्याचं कळलंच नाही. उलटून लावेपर्यंत दोन-अडीच मिनिटं गेली." दुसरी बाजू सुरू होते ती कुणाच्या तरी 'क्या बात है'ने. मधे काहीतरी घडलं होतं खास. काय, ते टेपवर नाही.

मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. काकांची मुलगी बंगळुरात असते. ती म्हणते, बाबा, सगळं एमपीथ्री करून टाका, एका पेनड्राइव्हवर मावेल. जावई म्हणतो, करायचंच तर फ्लॅक करा, नाहीतर कष्ट कशाला घेता. काकांनी चहाचा कप पुढे सरकवला आणि विचारलं, "दोघंही मला समजेल असं सांगत नाहीत. तू सांग, कशात ठेवू?"

हा लेख म्हणजे काकांना दिलेलं उत्तर. चहा संपेपर्यंत ते देता आलं नाही. त्याला पुढचे सात-आठ महिने लागले.

मोजमाप

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. संगणक ठरावीक अंतराने तो दाब मोजतो आणि आकडा लिहून ठेवतो. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते, डाव्या-उजव्या बाजूंची वेगवेगळी, आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलं जातं. ४४,१०० हा आकडा विचित्र वाटतो, कारण तो संगीतातून आलेला नाही. सीडी ठरत होती त्या काळात डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ टेप वापरत. चित्राच्या एका रेषेवर तीन मापं, अशा २४५ रेषा, आणि हे सेकंदाला ६० वेळा: गुणाकार केला की ४४,१०० येतात. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मापं हाताशी असली की तेवढ्या पट्ट्यातली मूळ लहर पुन्हा पूर्ण उभी करता येते, हे गणित आधीच ठाऊक होतं. त्यामुळे व्हिडिओवाल्यांचा आकडा कानालाही पुरला.

या हिशेबाने सीडीचा दर पडतो सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. काकांची एक कॅसेट अशी उतरवली तर ९५० एमबी लागतात. आज हे काहीच नाही. पण १९९०च्या दशकाच्या अखेरीस घरी फोनच्या तारेवर चालणारा ५६ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटांचा, मोडेम असे. त्यावरून चार मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जाने उतरवायचं तर लाइन अजिबात न तुटता १०० मिनिटं लागली असती. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत तेच गाणं नऊ मिनिटांत येई. फुटपाथवर 'एका सीडीत दीडशे गाणी' विकली जाऊ लागली ती याच अकरापट फरकाच्या जोरावर. अकरातले दहा भाग टाकून दिले, तरी गाणं ओळखू येत होतं, आवडतही होतं. मग टाकलं ते काय?

एर्लांगेनचा कान

याचं उत्तर जर्मनीतल्या एर्लांगेन गावात सापडतं. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक डीटर झाइट्सर यांच्या डोक्यात टेलिफोनच्या तारेतून संगीत पाठवायची कल्पना होती. त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग हे काम पुढे नेत राहिले आणि फ्राउनहोफर संस्थेतल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ते तडीस नेलं. त्यांनी आधार घेतला तो कानाच्या दुबळेपणाचा. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी चालू असताना शेजारी कुणी पुटपुटलं तर ऐकू येत नाही. मोठा स्वर आपल्या आसपासच्या बारीक स्वरांना झाकून टाकतो. काळाच्या बाबतीतही तेच: जोराचा ठोका आपल्यानंतरचे काही क्षण गिळतो आणि, ऐकून नवल वाटेल, आपल्या आधीचे काही हजारांश सेकंदही गिळतो. कान कुठे काय झाकतो याचे तक्ते म्युनिकच्या एबरहार्ड त्स्विकर यांच्यासारख्या संशोधकांनी आधीच मांडले होते. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला?

एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम गाण्याचे बारीक तुकडे करतो, प्रत्येक तुकडा ५७६ स्वरपट्ट्यांत विभागतो, कोणती पट्टी झाकली जाईल याचा अंदाज बांधतो आणि तिथे मापं ढोबळ करून टाकतो. ढोबळपणामुळे खरखर वाढते, पण ती झाकलेल्या जागेत पडते, म्हणून आपल्याला कळत नाही. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय मानकात आली आणि फाइलच्या नावामागे लावायचं 'एमपीथ्री' हे शेपूट १९९५ च्या जुलैत ठरलं.

ब्रांडेनबुर्ग यांना सगळ्यात जास्त छळलं ते एका वाद्यवृंदाने नव्हे. सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' हे गाणं बिनसाथीचं आहे, नुसता एक गळा. सुरुवातीच्या प्रयोगांत तो आवाज भयंकर बिघडून येई. ते गाणं असंख्य वेळा ऐकत त्यांनी आपली रीत सुधारली. कारण उघड आहे: झाकायला दुसरं काहीच नसलं की लपवाछपवीला जागा उरत नाही. ही गोष्ट वाचली तेव्हा मला आपली आलापी आठवली. तानपुरा आणि एक गळा. जवारीच्या धाग्यामुळे तानपुऱ्याची तार घोडीला हलकेच घासते आणि एकाच तारेतून स्वरांचा पिसारा उलगडत-मिटत राहतो. बिटांची चणचण असली की प्रोग्राम ते बिट गळ्यावर खर्च करतो आणि पिसाऱ्यातली पिसं एक आड एक विझू-पेटू लागतात. ऐकणाऱ्याला वाटतं, तानपुरा पाण्याखाली वाजतोय.

आमच्याकडे पूर्वी गवारीच्या शेंगा वाळवून ठेवत. आषाढात पाण्यात घातल्या की टरारून फुगत, भाजीही झकास होई. पण गेलेलं पाणी शेताचं होतं, आलेलं नळाचं. एमपीथ्री वाजवताना संगणक तिला पुन्हा सीडीएवढ्याच आकड्यांपर्यंत फुगवतो. आकार परत येतो. जे गेलं ते येत नाही.

साथीदाराची युक्ती

फ्लॅकची रीत वेगळी आहे. हे काम जोश कोलसन यांनी सुरू केलं आणि २००१ च्या जुलैत त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. यात काहीही टाकून देत नाहीत. ती वळकटी आहे: कितीही घट्ट बांधा, उलगडली की गादी, उशी, चादर सगळं जिथल्या तिथे.

ही वळकटी कशी बांधतात हे मला एका हार्मोनियमवाल्यामुळे समजलं. गवई कुठे जाणार याचा अंदाज बांधत साथीदार त्याच्या मागोमाग जातो. मागच्या काही स्वरांवरून पुढचा स्वर बहुतेक वेळा ओळखता येतो. फ्लॅक हेच करतो: मागच्या मापांवरून पुढचं माप काय असेल हे सूत्राने सांगतो आणि प्रत्यक्ष मापात नि अंदाजात जेवढा फरक पडला तेवढाच लिहून ठेवतो. अंदाज चांगला असेल तर फरक छोटा, आणि छोटे आकडे थोड्या जागेत मावतात. वाजवताना तेच सूत्र, तोच फरक, आणि माप बिटाबिटाने जसंच्या तसं. फाइल साधारणपणे मूळच्या निम्मी ते दोन तृतीयांश होते. एमपीथ्रीपुढे ही बचत किरकोळ. पण इथे घट शून्य असते, म्हणून अशा रीतीला लॉसलेस म्हणतात.

'घट' हा सराफांचा शब्द मी मुद्दाम वापरतो. दागिना मोडून नवा घडवताना दर वेळी थोडं सोनं जातं. एमपीथ्रीची नुसती नक्कल केली तर काही जात नाही. पण ती उघडून, कापून-जोडून पुन्हा एमपीथ्री केली, किंवा तिच्यावरून दुसऱ्या रीतीची फाइल बनवली, की पुन्हा घट. पहिल्या वेळी लपवलेली खरखर दुसऱ्या वेळी खरा आवाज समजून मोजली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या जुन्या मैफिलींचे तुकडे असे पाच-सहा सराफांच्या हातांखालून गेलेले असतात. आणि एमपीथ्रीवरून फ्लॅक बनवली तर? आकार वाढतो, नाव मोठं होतं, सोनं वाढत नाही.

खरखरीला जास्त जागा

काकांच्या कॅसेट उतरवायला लागलो तेव्हा पहिला धक्का फ्लॅकनेच दिला. स्टुडिओतल्या स्वच्छ शास्त्रीय रेकॉर्डिंगची फाइल निम्म्याहून लहान व्हायची आणि काकांची खरखरणारी बैठक मात्र घट्ट आवळली जाईना. कारण साधं आहे. गळ्याचा अंदाज बांधता येतो, तारेचा येतो, टेपच्या सुस्काऱ्याचा येत नाही. सुस्कारा म्हणजे निव्वळ बेभरवसा. आणि फ्लॅकने वचन दिलंय की काहीच टाकणार नाही. म्हणजे त्या फाइलची बरीचशी जागा बाईंच्या गाण्यासाठी नव्हे, तर ३.८१ मिलिमीटर रुंदीच्या फितीवरच्या चुंबकीय भुकटीसाठी खर्च होते.

"मग खरखर काढून टाक की," काका म्हणाले. मी एका प्रोग्रामने काढून दाखवली. शांतता आली, पण तिच्याबरोबर तानपुऱ्याचं वरचं टोकही गेलं, आणि दिवाणखाना गेला. काकांनी दोन मिनिटं ऐकलं. "बाई कपाटात बसून गातायत," म्हणाले. खरखर आणि तानपुऱ्याचा पिसारा एकाच उंचीवर राहतात. एकाला हाकललं की दुसरा उठून जातो. दहा वर्षांनी कदाचित हे नीट वेगळं करणारा प्रोग्राम येईल, पण त्याच्या हाती खरखरीसकट मूळ प्रत असली तरच त्याचा उपयोग.

टेप उतरवताना फाइलच्या आधीच किती घट होते हेही तेव्हाच कळलं. टेपरेकॉर्डरचं हेड एका केसाने तिरकं असलं तरी वरचे स्वर बोथट होतात. बारीक स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक कॅसेटला ते कान लावून सरळ करावं लागतं. वेगाचंही तसंच. बाई काळी चारमध्ये गायच्या, काकांच्या जुन्या यंत्रावर त्या पांढरी सहाच्या आसपास ऐकू येत होत्या. वेगात सहा टक्के फरक पडला की अख्खा अर्धा स्वर चढतो. मायक्रोफोन कुठे ठेवला होता, कॅसेट कोणत्या कंपनीची होती, कपाट किती दमट होतं, हे सगळं फाइलच्या आधीचं. लॉसलेस या शब्दाने फसायला होतं ते इथे. दिवाणखान्यात जे घडलं ते तो जपत नाही. त्याच्या हाती जे आलं, तेवढंच जपतो.

एका रात्री एक गमतीदार जोडी सापडली. कॅसेट वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की फितीचा एक थर शेजारच्या थरावर आपला पुसट छाप सोडतो. शांत जागी कान दिला तर गायिका सुरू व्हायच्या क्षणभर आधी तिची सावली गाऊन जाते. एमपीथ्रीतही अशी पूर्वछाया असते, पण ती हजारांश सेकंदांची. तबल्याची थाप किंवा टाळेचा ठोका अचानक आला की प्रोग्रामने केलेली ढोबळ खरखर त्या अख्ख्या तुकड्यात पसरते, म्हणजे ठोक्याच्या आधीही. तुकडा लहान करून तो ती कानाच्या आंधळ्या कोपऱ्यात ढकलू पाहतो. जमलं तर ठोका टणक राहतो, नाही जमलं तर टाळेच्या 'टण्ण'च्या आधी 'फस्स' येतं. वारकरी भजनाइतकी अवघड परीक्षा या रीतीला क्वचितच कुणी घालत असेल: वीस-पंचवीस टाळ, प्रत्येक ठोका अचानक, प्रत्येकात वरचे स्वर काठोकाठ.

परीक्षा

हे सगळं कागदावर. कानाला कळतं का? त्यासाठी एक प्रामाणिक रीत आहे. संगणक 'अ' आणि 'ब' ऐकवतो, मग 'क्ष' ऐकवतो, आणि क्ष म्हणजे अ की ब ते तुम्ही सांगायचं. असं १६ वेळा. सोळापैकी बारा किंवा अधिक बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं व्हायची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून तिथे रेघ मारायची. कोणतं बटण भारी फाइलचं हे माहीत असलं की भारीच ऐकू येतं, म्हणून ही झाकाझाक.

मी बसलो, चांगले वायरचे हेडफोन लावून. फ्लॅक विरुद्ध ३२० केबीपीएसची एमपीथ्री: सोळापैकी नऊ. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. १९२ ला दहा. १२८ ला, भजनाच्या टाळांवर, पंधरा. काका पंचाहत्तरीचे, या वयात वरचे स्वर कानातून गेलेलेच असतात. त्यांना १२८ लाही फरक सांगता आला नाही. ६४ ला मात्र त्यांनी तानपुऱ्यावरून तेरा वेळा अचूक ओळखलं.

अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये याच्या पुढची परीक्षा प्रसिद्ध केली होती. सीडीहून वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग थेट ऐकवायचं आणि तेच सीडीच्या मापातून गाळून ऐकवायचं. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं निम्मी. म्हणजे ऐकण्यासाठी सीडीचं माप पुरतं. त्याच्या वरच्या आकड्यांवर ऐकणाऱ्याने पैसे घालवण्याला फारसा आधार नाही. उतरवताना मात्र आम्ही २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ वापरले, कारण तिथे हात मोकळा लागतो: एखादी तान अचानक चढली तरी माप फुटत नाही आणि नंतरच्या दुरुस्तीला जागा राहते.

परीक्षेचा निकाल ऐकून मी काकांना म्हणालो, झालं तर मग, चांगली एमपीथ्री पुरे. काका क्षणभर थांबले. "मला ऐकू येत नाही म्हणून तिथे नाही असं थोडंच आहे? माझ्या नातीला येईल की."

माझ्या उत्तराचा गाभा काकांनीच सांगितला तो असा. एमपीथ्रीत काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे कान ठरवतो, आणि तो कान एक सरासरी कान आहे, तक्त्यात बसवलेला. आज ऐकायला तो तुमच्या-माझ्या वतीने ठीक निवाडा करतो. पण तो निवाडा एकदाच होतो आणि त्यावर अपील नाही. नातीचा कान, उद्याचा प्रोग्राम, एखादा अभ्यासक जो तानपुऱ्याच्या जवारीवरच काम करत असेल, या सगळ्यांना तो आधीच सांगून बसतो की तुमच्यासाठी इथे काही नाही.

पुढची घट

ऐकणाऱ्याची बाजूही सांगायला हवी, कारण बाजार तिथेच भरलाय. अ‍ॅपल म्युझिकने २०२१ च्या जूनमध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस संगीत सुरू केलं, स्पॉटिफायवर ते २०२५ च्या सप्टेंबरात येऊ लागलं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने हौसेने ते चालू केलं आणि कानात ब्लूटूथचे इअरबड घातले. नेहमीच्या ब्लूटूथमधून जाताना आवाज पुन्हा आवळला जातो, आणि तो घट धरूनच. वळकटी उंबऱ्यापर्यंत आणली आणि आत नेताना पुन्हा वाळवण घातलं. डेटा तेवढा जास्त गेला. रस्त्यावर, लोकलमध्ये, रिक्षात २५६ च्या आसपासच्या आवळलेल्या फाइलपुढे लॉसलेसचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तेवढेच पैसे बऱ्या स्पीकरवर किंवा वायरच्या हेडफोनवर घाला, फरक पहिल्या मिनिटात कळेल.

सुई सोबत

आपल्या संगीताने घट फार पूर्वीपासून पचवलीय. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं फ्रेड गेसबर्ग यांनी तबकडीवर घेतलं तेव्हापासून अर्धशतक गवयांना साधारण तीन मिनिटांत राग मांडावा लागला. तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत! पण तिथे काय ठेवायचं, काय टाकायचं हे गवई स्वतः ठरवत होते, तक्ता नव्हे. म्हणून त्या तबकड्या वाळवणासारख्या लागत नाहीत.

ध्वनिमुद्रणाबाबत काटेकोर असलेल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची अशीच एक तबकडी, साडेतीन मिनिटांची भैरवी 'जात कहाँ हो', १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. ते यान २०१२ मध्ये सौरवाऱ्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. त्या तबकडीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यासोबत सुई पाठवलीय, आणि ती कशी, किती वेगाने वाजवायची हे आवरणावर चित्रांनी कोरलंय. नुसतं गाणं ठेवून भागत नाही. उघडायची किल्लीही ठेवावी लागते.

फाइलीच्या बाबतीत किल्ली म्हणजे तिची खुली नियमावली. एमपीथ्रीची पेटंटं संपून २०१७ पासून ती मोकळी झाली, त्यामुळे तीही उद्या उघडेल. फ्लॅक सुरुवातीपासूनच मोकळी होती, आणि २०२४ च्या डिसेंबरात तिची संपूर्ण नियमावली इंटरनेटच्या मानक-मालिकेत दाखल झाली. कुणीही वाचून सुई घडवू शकेल. शिवाय फ्लॅक आपल्या पोटात मूळ आवाजाचा ३२ अक्षरी ठसा बाळगते. पंधरा वर्षांनी डिस्कवर एखादा बिट सडला तर ठसा जुळत नाही आणि लगेच कळतं. साध्या वेव्ह फाइलला ही सोय नाही.

तेव्हा काका, कशात ठेवू याचं उत्तर. जे दुसरीकडे कुठेही नाही, ते घट न धरता ठेवायचं, खरखरीसकट, न धुता. चारशे कॅसेट फ्लॅकमध्ये दोन टीबीच्या डिस्कवर आरामात मावतात. अशा तीन प्रती, दोन वेगळ्या तऱ्हेच्या साधनांवर, आणि एक प्रत मुलीकडे बंगळुरात, कारण एकुलत्या एका डिस्कवरची फ्लॅक तिघांकडे असलेल्या एमपीथ्रीपेक्षा लवकर हरवते. ऐकायला, वाटायला, गाडीत लावायला त्याच्यावरून चांगली एमपीथ्री काढायची, हवी तितक्या वेळा. बिघडली तर फेकून पुन्हा काढायची. बाजारात मिळणारी गाणी तर एमपीथ्रीत असली तरी बिघडत नाही, त्यांची मूळ प्रत दुसऱ्या कुणाच्या तिजोरीत आहे. आणि कॅसेट फेकायच्या नाहीत. उतरवून झाल्या तरी.

उसनी

कॅसेट फेकायच्या नाहीत, हे शेवटचं वाक्य मी अनुभवाने शिकलो.

कामाच्या सहाव्या महिन्यात काकांना आठवलं की त्या १९८५ च्या बैठकीत त्यांचा एक मित्रही टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, भिंतीच्या पलीकडच्या बाजूला बसला होता. मित्र आता नाहीत. ठाण्यात त्यांचा मुलगा असतो. फोन केला. मुलगा म्हणाला, "हो हो, बाबांच्या सगळ्या कॅसेट मी २००३ मध्ये कॉम्प्युटरवर घेतल्यात." फाइल संध्याकाळी आली. एमपीथ्री, दोन्ही चॅनेल मिळून ६४ केबीपीएस, अख्खी बैठक ४३ एमबीत. मूळ कॅसेटचं विचारलं तर तो संकोचला. घर बदलताना टाकल्या. सगळं कॉम्प्युटरवर होतंच ना.

त्याला दोष कसा द्यायचा? २००३ मध्ये घरातल्या संगणकाची डिस्कच किती मोठी होती! त्याने त्याच्या परीने वडिलांचं गाणं वाचवलं होतं. फाइलीचा आलेख उघडला तर दहा हजार हर्ट्झच्या वर काहीच नव्हतं, कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ आणि पलीकडे कोरं.

पण मित्राने कॅसेट उलटली होती ती काकांच्या बरीच आधी. त्यामुळे काकांची टेप जिथे संपते तिथे मित्राची चालू होती.

आम्ही दोन्हींचा वेग जुळवला, पट्टी जुळवली, आणि जोड कुठे द्यायचा ते शोधत दोन संध्याकाळी घालवल्या. मग काका खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले. पंचम, धैवत, निषाद. खट्ट झालं नाही. त्याऐवजी खोली एकदम लहान झाली, तानपुरा पाण्याखाली गेला, खरखर थांबली, आणि त्या विचित्र कोरड्या शांततेत बाई तार षड्जावर पोचल्या. नुसत्या पोचल्या नाहीत. तिथून गंधारापर्यंत जाऊन, वळून, तबल्याला चकवत समेवर उतरल्या. अडीच मिनिटांनी खोली पुन्हा मोठी झाली, खरखर परत आली, आणि कुणीतरी म्हणालं, 'क्या बात है'.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

जोडलेली बैठक आम्ही फ्लॅकमध्येच ठेवली. तिने काकांचा सुस्कारा जपला तसा तो पाण्याखालचा तानपुराही जपलाय, बिटाबिटाने, पुढे कधीही आणखी न बिघडण्याच्या हमीवर. नातीचा कान कितीही तीक्ष्ण निघाला, तरी त्या अडीच मिनिटांत तिला आमच्याहून जास्त काही मिळणार नाही.

फाइलला नाव द्यायची वेळ आली. तारीख, राग, ताल लिहून झालं. मग काकांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि एका बोटाने शोधत-शोधत पुढे टाइप केलं: '४५ व्या मिनिटापासून अडीच मिनिटं उसनी.'